जुन्या कर्ण्यांचा कंठ : निवड आणि डागडुजी

सभेच्या मैदानावर खांबाला बांधलेला कर्णा आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. त्याच्या मागे जो जड, वाटोळा डबा असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. आवाज उत्पन्न होतो तो तेथे. कर्णा केवळ त्याला वाट करून देतो. असला डबा कोणी हौसेने घरात आणील व त्यावर उत्तम संगीत ऐकेल, हे पुष्कळांना खरे वाटणार नाही. परंतु अमेरिकेत चित्रगृहांसाठी घडविलेले जुने ड्रायव्हर तेथील, तसेच जपान व युरोपातील रसिक आजही शोधून घरी आणतात. हा छंद निष्कारण नव्हे.

१९२६ साली बेल प्रयोगशाळेतील वेन्टे व थुरास या संशोधकांनी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ५५५ क्रमांकाचा ड्रायव्हर सिद्ध केला. बोलपट नुकतेच अवतरत होते. ॲम्प्लिफायर अवघ्या काही वॅटचे, आणि सभागृह मात्र विशाल! यास्तव ॲल्युमिनियमच्या पातळ पडद्यापुढे अरुंद घसा ठेवून हवा दाबावयाची व कर्ण्यातून ती क्रमाक्रमाने मोकळी करावयाची, अशी युक्ती योजण्यात आली. पडदा व घसा यांच्यामध्ये फटी असलेला धातूचा ठोकळा असतो. पडद्याच्या मध्यावरचा व कडेचा ध्वनी घशात एकाच वेळी पोहोचावा, हे त्याचे कार्य. साध्या घरगुती स्पीकरला ज्या आवाजासाठी सुमारे १०० वॅट लागतात, तो आवाज असा ड्रायव्हर योग्य कर्ण्यावर सुमारे १ वॅटमध्ये देऊ शकतो. म्हणूनच थोड्या शक्तीचे, काचेच्या नळ्यांचे ॲम्प्लिफायर बाळगणारे त्याच्या मागे असतात.

आता निवडीकडे वळू. ५५५ कितीही कीर्तिमान असला तरी नवशिक्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. त्यात कायमचा लोहचुंबक नाही. चुंबकत्वासाठी ७ व्होल्टचा निराळा पुरवठा सतत द्यावा लागतो. अल्टेक लॅन्सिंग कंपनीच्या, १९४५ साली सुरू झालेल्या 'व्हॉइस ऑफ द थिएटर' मालिकेतील ८०२ व २८८, किंवा जेबीएलचा १९५४ सालचा ३७५, हे अधिक सोयीचे. ८०२ चा घसा १ इंचाचा, २८८ चा १.४ इंचाचा, तर ३७५ चा २ इंचांचा. कर्णा त्याच मापाचा हवा. ८०२ साठी अल्टेकचे ५११ व ८११ हे कर्णे आहेत. पहिला ५०० हर्ट्झच्या वर वापरावा, दुसरा ८०० च्या वर. त्याखालचे स्वर दिले तर कर्ण्याचा भार पडद्यावर राहत नाही, आणि पडदा प्रमाणाबाहेर हलून फुटतो.

नावावर भुलू नये, प्रकृती पाहावी. मल्टिमीटरने दोन्ही ड्रायव्हरांच्या कॉइलचा रोध मोजावा. तो नाममात्र ८ किंवा १६ ओहमपेक्षा काहीसा कमी भरणे स्वाभाविक आहे. पण जोडीतील दोघांत मोठी तफावत असेल, तर एकाचा पडदा बदललेला असण्याचा संभव असतो. नंतर संरक्षणासाठी कपॅसिटर मधे घालून, अगदी हळू आवाजात, चढता स्वर ऐकावा. कोठे करकर उमटली तर कॉइल घासते आहे, आत कचरा आहे किंवा पडद्याला तडा गेला आहे.

दुरुस्तीत पहिला नियम असा की, निर्दोष ड्रायव्हर उघडू नये. करकर असेल तरच मागचे झाकण काढावे. त्यात कधी फोमचे अस्तर असते. ते कुजून त्याचा चिकट भुगा पडद्यावर पडलेला आढळतो. तो हलक्या हाताने काढावा. पडदा सोडविताना लोखंडी पेचकस जपून धरावा. लोहचुंबक तो ओढून घेतो, आणि क्षणात पडद्याला भोक पडते. कॉइलच्या फटीतील लोखंडाचा कीस, चिकटपट्टी दुमडून आत फिरवली असता निघतो. पडदा पुन्हा बसविताना स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत व मंद स्वर चालू ठेवून आवाज निर्मळ येतो की नाही हे पाहत जावे. लोहचुंबकाभोवतीची लोखंडी चौकट मात्र कदापि उघडू नये. ती सुटताच चुंबकत्व क्षीण होते, व ते पुन्हा भरून घ्यावे लागते.

तडा गेलेला पडदा डिंकाने सांधत नाही. तो बदलावयाचा तर दोन्हीकडचे एकाच घडणीचे घ्यावेत, आणि दुसरा मूळचा पडदा शाबूत असेल तर तो जपून ठेवावा. कारण अल्टेकच्या मूळ कारखान्यात ते आता घडत नाहीत. सत्तर वर्षे टिकलेली वस्तू आपल्या एका सायंकाळच्या कुतूहलाने नष्ट होऊ शकते. ज्याला हात आवरता येतो, त्याच्याच हाती जुनी वस्तू सुखरूप राहते, असे आम्हांस वाटते.