चुलीचा निरोप

हडपसरला कालव्याच्या कडेनें पहाटे फिरणाऱ्या वृद्धांस चालण्यानें रक्तांतील साखर आटोक्यांत राहते, हें अनुभवानें ठाऊक असतें. तो गुण स्नायूंत कसा उतरतो, याचा एक धागा अलीकडे हातीं आला आहे.

आपल्या बहुतेक पेशींत मायटोकाँड्रिया नांवाचे सूक्ष्म कण असतात. अन्न व प्राणवायु यांपासून शक्ति निर्माण करणाऱ्या त्या जणूं पेशीच्या चुलीच. त्यांचें जनुकद्रव्य निराळें असून तें आईकडून येतें. त्यांतून १३ प्रथिनें बनतात, एवढेंच पूर्वीं ठाऊक होतें. परंतु २००१ मध्यें जपानांत ‘ह्यूमॅनिन’ आणि २०१५ मध्यें अमेरिकेंत ‘मॉट्स-सी’ हीं पेप्टाइडें, म्हणजे प्रथिनांच्याच जातीच्या चिमुकल्या साखळ्या, उजेडांत आलीं.

मॉट्स-सी अवघ्या १६ अमिनो आम्लांचें. पेशीवर ताण पडला कीं तें केंद्रकांत शिरून तेथील जनुकांचें काम बदलतें व स्नायूंना साखर वापरावयास लावितें. चूल नुसती जळत नाहीं; माजघरांत निरोपही धाडिते. व्यायामानें हें पेप्टाइड स्नायूंत वाढतें. तें टोंचलेले म्हातारे उंदीर अधिक धांवले, असें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें.

पुण्याजवळच्या खेड्यांतील अर्भकें स्नायूंनीं उणीं, पण चरबीनें तितकीं उणीं नाहींत, असें डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००३ मध्यें दाखविलें. म्हणून येथें स्नायूंचें मोल विशेष.

परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसाचें वार्धक्य या पेप्टाइडानें लांबतें, असें सिद्ध झालेलें नाहीं. तरी त्याच्या कुप्या विकल्या जातात. त्यांपेक्षां कालव्याची वाट बरी. तेथें निरोप शरीर स्वतःच धाडितें.