रीलसाठी जाहिरात घेताना त्रिरश्मी लेणीचा शिलालेख वाचा

रविवारी सकाळी त्रिरश्मी लेणीच्या पायऱ्यांवर मोबाईल आणि ट्रायपॉड घेतलेले आपले तरुण हमखास भेटतात. कोणी लेणीची माहिती देतो, कोणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सांगतो, कोणी भीमगीते गातो. बोलताना दोन प्रश्न नेहमी निघतात. "ब्रँडची जाहिरात मिळवायची कशी?" आणि थोडा आवाज खाली करून, "पण ती घ्यावी का?" आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

घ्यावी का?

उत्तराचा धागा लेणी क्रमांक १० मध्येच आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ही लेणी भिक्खूसंघाला दान दिली आणि सोबत ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यातले २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, तर १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशेब करून पाहा, वर्षाचे २४० बरोबर जुळतात. हे सारे निगमसभेत जाहीर करून नोंदवले, असेही शिलालेख सांगतो.

दान आणि जाहिरात एक नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. पण पैसा कोणाचा, किती आणि कशासाठी हे लोकांसमोर मांडण्याची रीत आपल्या नाशिकमध्ये सुमारे १,९०० वर्षे जुनी आहे.

पैशाशिवाय आवाज चालत नाही, हे बाबासाहेबांनीही अनुभवले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले, त्यामागे शाहू महाराजांची २,५०० रुपयांची मदत होती. पैसे देऊनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. त्याच बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यातील भाषणात खंत व्यक्त केली, की पत्रकारितेचा व्यापार झाला आणि साबण बनवण्याहून अधिक नैतिक जबाबदारी तिच्यात उरली नाही. तेव्हा पैसा जरूर घ्यावा. तो लपवू नये आणि त्यासाठी जीभ विकू नये.

मिळवायची कशी?

फॉलोअर्स लाखात हवेत, हा गैरसमज आहे. सातपूरच्या दुकानदाराला देशभर विखुरलेल्या लाख लोकांपेक्षा नाशिकचे पाच हजार लोक जास्त उपयोगाचे. म्हणून आधी आपल्या पेजच्या इनसाइट्स उघडा. महिन्याभरात किती लोकांपर्यंत पोहोचलो, ते कोणत्या शहरातले, कोणत्या वयाचे, हे एका पानावर लिहा. सोबत आपले तीन चांगले व्हिडिओ जोडा. यालाच मीडिया किट म्हणतात.

सुरुवात जवळून करा. येवल्याचे पैठणी विणकर, पुस्तकांची दुकाने, अभ्यासिका, छापखाने, आपल्याच समाजातील छोटे उद्योजक. "कोलॅब करायचे आहे" एवढाच मेसेज पाठवू नका. त्यांच्या मालावर कोणता व्हिडिओ कराल, तो कोण पाहील आणि किती पैसे घ्याल, हे चार ओळींत सांगा. दर ठरवताना प्रवास, शूटिंग आणि एडिटिंगचे तास मोजा. किती व्हिडिओ, किती दिवस पेजवर ठेवायचे, कंपनी तो इतरत्र वापरणार का, पैसे कधी मिळणार, हे ईमेलवर लेखी घ्या आणि निम्मी रक्कम आगाऊ मागा. जो ब्रँड तुमच्याकडूनच 'रजिस्ट्रेशन फी' मागतो, ती फसवणूक समजा.

कायदा काय म्हणतो?

जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल, काहीही घेतले असेल तर ते ठळकपणे सांगावे लागते. हॅशटॅगच्या गर्दीत दडवलेले चालत नाही. मराठी रीलवर सरळ 'जाहिरात' असे लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि जाहिराती करण्यावर बंदीही येऊ शकते.

वस्तू ठेवून घेतली तर तेही उत्पन्नच. १ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांवरच्या अशा लाभावर १० टक्के टीडीएस आहे. वस्तू वापरून परत केली तर तो लागत नाही.

कोणाला नाही म्हणायचे?

वणिज्ज सुत्तात उपासकासाठी पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. द्राक्षांच्या आणि वाईनच्या या जिल्ह्यात मद्याच्या आडवळणी जाहिराती सहज दारात येतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात तर २०२५ च्या कायद्याने गुन्हाच ठरवली आहे. दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याच वस्तीतील मुलगा तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यात पगार घालवू शकतो, हे त्या शिक्षेहून मोठे कारण आहे.

आणखी एक. १४ एप्रिलला निळा रंग लावून येणारे ब्रँड असतात. बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी क्रीमची ट्यूब ठेवायला सांगणाऱ्याला नकार द्या. ते फॉलोअर्स तुमच्यापर्यंत बाबासाहेबांच्या नावाने आले आहेत.

पुढच्या वेळी लेणीवर जाल तेव्हा कॅमेरा सुरू करण्याआधी दहा नंबरच्या लेणीत जा, तो लेख डोळ्यांनी पाहा. मग आपल्या मागच्या रीलवर कोणाचे नाव लिहायचे राहिले, ते तपासा.