टायर रुंद केला की पकड वाढते? नाही, वाढत नाही!

मागचा टायर झिजला की दुचाकीस्वारांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: "आता बदलतोच आहे, तर एक साइज वरचा टाकू का?" आणि कुणीतरी जाणकार तितक्याच हमखासपणे सांगतो, "टाक बिनधास्त. जाड टायर, जास्त ग्रिप." दुकानदारापासून कॉलेजातल्या पोरापर्यंत सगळे हे इतक्या खात्रीने म्हणतात की तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. ते तपासायला हवं, कारण ते चूक आहे. आणि ही चूक महागात पडते. स्पोर्ट्स टूरिंग गाडीच्या चांगल्या टायरांची जोडी पंचवीस-तीस हजारांच्या घरात जाते. एवढे पैसे मोजून गाडी आधीपेक्षा वाईट वळायला लागावी, याचा खरंच संताप येतो.

नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. कावासाकीच्या निंजा ६५० आणि व्हर्सिस ६५० या गाड्यांना मागे १६०/६० झेडआर १७ मापाचा टायर येतो. रुंदी १६० मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, रिमचा व्यास १७ इंच. अनेकजण तिथे १८०/५५ बसवून आणतात. मागून गाडी भरदार दिसते, हे मान्य. पण पकड?

टायरमधली हवा गाडीचं वजन पेलते. म्हणून टायर रस्त्याला किती जागेत टेकणार, हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: चाकावरचं वजन आणि हवेचा दाब. दोघं बसलेत, मागे सामान बांधलंय, मागच्या चाकावर २०० किलो भार आहे आणि हवा ३६ पीएसआय आहे असं धरा. ३६ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.५ किलो. २०० ला २.५ ने भागा. उत्तर येतं सुमारे ८० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढी जागा. या गणितात टायरची रुंदी कुठेच आली नाही. टायर १६० चा असो की १८० चा, वजन आणि हवा तीच असेल तर टेकणारी जागा जवळपास तेवढीच राहते. बदलतो तो तिचा आकार: रुंद टायरखाली ती आडवी पसरते आणि लांबीला आखडते. टायरच्या सांगाड्याचा ताठपणाही थोडा भार उचलतो, त्यामुळे हिशेब काटेकोर नाही. पण रुंदी वाढली तेवढी पकड वाढली, असं त्यातून कधीच निघत नाही.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: "मग लिटर-क्लासच्या गाड्यांना १९० आणि २०० चे टायर कशाला देतात?" प्रश्न रास्त आहे. रबराची पकड वजनाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, थोडी मागे पडते. त्यामुळे तेच वजन जास्त जागेवर पसरलं तर फायदा होतो. रुंद टायरमध्ये हवेचं आकारमान जास्त असतं, म्हणून तो कमी दाबावरही भार पेलू शकतो, आणि रेसिंगमध्ये नेमकं हेच साधतात. शिवाय शंभर-दीडशे अश्वशक्ती रस्त्यावर उतरवताना प्रचंड उष्णता तयार होते. ती सोसायला आणि झीज वाटून घ्यायला जास्त रबर लागतं. रुंदी येते ती अशा कारणांनी, आणि तिच्यासोबत रिम, सस्पेंशन, गाडीची भूमिती सगळं तसंच आखलेलं असतं. आपण ६५० सीसीच्या गाडीला फक्त टायर रुंद लावतो आणि हवा तीच भरतो. मग त्यातला कुठलाही फायदा आपल्या वाट्याला येत नाही.

तोटे मात्र सगळे येतात. पहिला तोटा रिमचा. या गाड्यांचं मागचं रिम ४.५ इंचांचं आहे, तर १८०/५५ चा टायर ५.५ इंची रिम धरून आखलेला असतो. युरोपातली टायर आणि रिमची मापं ठरवणारी संस्था ईटीआरटीओ हिचा हिशेब असा, की रिम अर्धा इंच अरुंद झालं की टायरची प्रत्यक्ष रुंदी सुमारे ५ मिलिमीटरने घटते. म्हणजे इंचभर अरुंद रिमवर १८० चा टायर १७० च्या आसपासच भरतो. पैसे दिले २० मिलिमीटरचे, हातात आले दहा. त्यातही दोन्ही कडा आत ओढल्या गेल्याने मधला भाग फुगतो आणि कंपनीने मेहनतीने घडवलेली गोलाई बिघडते. गाडी झुकवताना ती सलग, एकसारखी पडत नाही. टायरच्या कडा वापरातच येत नाहीत, आणि मग लोक म्हणतात, "टायर इतका भारी आहे की कडेपर्यंत जावंच लागत नाही."

दुसरा तोटा वळणावरचा. इटलीतल्या पाडोवा विद्यापीठाचे प्राध्यापक व्हित्तोरे कोस्सालतेर यांचं 'मोटरसायकल डायनॅमिक्स' हे या विषयातलं प्रमाण पुस्तक. टायर जितका जाड, तितकी तीच गती आणि तेच वळण असताना गाडी जास्त झुकवावी लागते, हे त्यात सूत्रासकट मांडलंय. कारण सोपं आहे: गाडी झुकली की टायरचा टेकणारा बिंदू मध्यातून आतल्या बाजूला सरकतो आणि तेवढी कसर आणखी झुकून भरून काढावी लागते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आणि टायरची गोलाई अर्धवर्तुळाकार धरली, तर ज्या वळणाला बिनजाडीच्या काल्पनिक टायरने ४५ अंश पुरतील, तिथे १६० च्या टायरला सुमारे ५१ आणि १८० च्या टायरला सुमारे ५२ अंश लागतात. अंशाचा फरक लहान आहे, पण तो उलट्या दिशेचा आहे. ज्याला आपण सुधारणा म्हणतो, ती गाडीला आणखी झुकायला लावते.

तिसरा तोटा उंचीचा. १६०/६० टायरचा व्यास ६२४ मिलिमीटर, १८०/५५ चा ६३०. मागची बाजू तीन मिलिमीटर वर जाते, टायर चेनगार्डच्या आणि मडगार्डच्या जवळ सरकतो. ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाची तुलना सतत चालू असते, आणि ती मूळ परीघ गृहीत धरूनच केलेली असते. टायरचं वजन वाढल्याने दिशा बदलताना गाडी जड लागते, ते वेगळंच. ताम्हिणीत किंवा आंबेनळी घाटात डावीकडून उजवीकडे गाडी फिरवताना हा जडपणा खांद्यांना जाणवतो. काहींना तोच 'स्थिरपणा' वाटतो. स्थिरपणा तो नव्हे.

मग पकड येते कुठून? रबराच्या मिश्रणातून, म्हणजे कंपाऊंडमधून; सांगाड्याच्या रचनेतून; रबराच्या तापमानातून; आणि योग्य हवेतून. टायर कंपन्यांचं खरं संशोधन इथे आहे. आजचे बहुतेक चांगले स्पोर्ट्स टूरिंग टायर मागच्या चाकाला मध्ये टणक आणि कडांना मऊ रबर देतात. कारण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद असले, तरी पुणे-सातारा-कोल्हापूरसारख्या सरळ रस्त्यांवर टायरचा मधला पट्टाच झिजतो आणि चपटा होतो. मिश्रणात सिलिका असल्याने रबर थंड आणि ओल्या रस्त्यावरही लवकर पकड धरतं. हे सगळं मूळ मापातच मिळतं. पैसे तिथे घालावेत.

हा मुद्दा पटला की पुढचा गैरसमज येतो: मग सरळ रेस टायरच घेऊ, तो सगळ्यात चिकट! ट्रॅकसाठीचा टायर तापल्यावर चिकट असतो, आणि तो तापवायला ट्रॅकवरचा वेग, ट्रॅकवरचं ब्रेकिंग आणि ट्रॅकवरचं झुकणं लागतं. घाटातल्या धुक्यात, श्रावणातल्या पावसात, ट्रकमागे चाळीसच्या वेगाने चालताना तो कधीच पुरेसा तापत नाही. त्या अवस्थेत चांगला टूरिंग टायर त्याच्यापेक्षा जास्त पकड देतो. शिवाय ट्रॅकच्या टायरला पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा कमी असतात.

आता हवेबद्दल, कारण याबाबतचे गैरसमज जास्त धोकादायक आहेत. "पावसात हवा कमी ठेवा, पकड वाढते." ही सूचना नेमकी उलटी आहे. नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी जोडलेला आहे. तो अभ्यास विमानाच्या टायरांचा होता, आणि दुचाकीचा गोल टायर पाणी अधिक चांगलं कापतो, हे खरं. पण दिशा तीच राहते: दाब ३६ वरून २५ पीएसआयवर आणला, तर तरंगण्याचा वेग सहास पाच या प्रमाणात खाली येतो. हवा काढून आपण धोका जवळ आणतो.

"उन्हाळ्यात हवा कमी भरा, नाहीतर टायर फुटेल." मॅन्युअलमधला आकडा थंड टायरचा असतो आणि चालताना तापून दाब वाढणार, हे त्यात धरलेलंच असतं. तापमान १० अंशांनी वाढलं की या दाबांवर जवळपास २ पीएसआय वाढतात, म्हणजे ३० अंशांना पाच-सहा. हे ठीक आहे. हवा कमी ठेवली की टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि म्हणून जास्त तापतो. ज्या फुटण्याची भीती घालून हवा काढायला सांगतात, ते फुटणं त्यानेच ओढवतं.

"मग साइडवॉलवर छापलाय तेवढा दाब भरा." तोही नाही. तो आकडा टायरच्या कमाल भाराशी जोडलेला असतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आणि स्विंगआर्मवर किंवा चेनगार्डवर लावलेल्या पट्टीवर मिळतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

नायट्रोजन भरला की दाब वाढत नाही: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, आणि तापल्यावर तोही तसाच प्रसरण पावतो.

खाचा जास्त तेवढी पकड जास्त: खाचा पाण्यासाठी असतात, कोरड्या रस्त्यावर पकड रबर देतं.

खाचा शिल्लक आहेत म्हणजे टायर चांगला आहे: रबर वयानेही कडक होतं. मिशलिनचा सल्ला असा, की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर खाचा असल्या तरी बदलावा.

गोटा होईपर्यंत चालतो: केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९४ दुचाकीसाठी खाचेची किमान खोली ०.८ मिलिमीटर सांगतो. ती कायद्याची शेवटची हद्द आहे. पावसात पकड त्याच्या कितीतरी आधी ढासळते.

मी शंभरच्या वर जात नाही, मग हलक्या रेटिंगचा टायर चालेल: रेटिंगमध्ये भार आणि उष्णता सोसण्याची ताकदही मोजलेली असते. ६९ डब्ल्यू म्हणजे ३२५ किलो आणि ताशी २७० किलोमीटर. मॅन्युअलमध्ये आहे त्यापेक्षा कमी घेऊ नका.

पुढच्या टायरची नक्षी उलटी दिसते, म्हणजे तो उलटा बसवलाय: पुढे ब्रेकचा जोर, मागे इंजिनचा, म्हणून नक्षी विरुद्ध दिशेची असू शकते. साइडवॉलवरचा बाण पाहा.

नवा टायर पहिल्या मिनिटापासून पूर्ण पकड देतो: पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून, हळूहळू झुकवत न्या.

दुकानात गेल्यावर काय करायचं, ते आता सरळ आहे. माप मॅन्युअलमधलंच घ्या. पुढचा-मागचा टायर शक्यतो एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा घ्या. रेडियल आणि बायस या दोन वेगळ्या सांगाड्यांच्या टायरांची भेसळ करू नका. गाडी वजनदार असेल आणि दोघांनी सामान लादून फिरायचं असेल, तर त्याच मॉडेलची ताठ सांगाड्याची जीटी आवृत्ती मिळते का ते विचारा; अनेक कंपन्या ती बनवतात. आयएसआय चिन्ह पाहा. आणि पैसे देण्याआधी टायर कधी बनला ते सांगणारे, साइडवॉलवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे; २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरची आयात परवान्याच्या अटीखाली आणली, तेव्हापासून परदेशी टायर दुकानात जुने होऊन पडलेले असण्याची शक्यता गृहीत धरायलाच हवी. दुकानदार म्हणाला, "नवाच आहे, शेठ", तरी वाकून आकडा स्वतः वाचा. मग घरी येऊन साताठशे रुपयांचा दाबमापक घ्या आणि आठवड्यातून एकदा, गाडी काढण्याआधी, थंड टायरची हवा तपासा. वरच्या साइजच्या टायरला जे जमत नाही, ते ही सवय तुमच्या गाडीसाठी नक्की करेल.