समुद्रावर निघताना आधी तिथी पाहा

पिंपळगाव राजा (जि. बुलडाणा), प्रतिनिधी : परीक्षा संपल्या की खामगाव तालुक्यातील या गावात सहलीचे बेत सुरू होतात आणि मुलांचा हट्ट बहुधा समुद्राचाच असतो. नांदुरा स्थानकावरून रेल्वेने मुंबई गाठायची म्हटले तरी अंतर पाचशे किलोमीटरहून अधिक. तेथून पुढे अलिबाग, काशिद, मुरूड वा गणपतीपुळे. खारे पाणी या जिल्ह्याला अपरिचित नाही. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, लोणारचे सरोवरही खारेच आहे. मात्र लोणारचे पाणी दिवसातून दोनदा चढत नाही आणि दोनदा उतरत नाही. समुद्राचे नेमके तेच वैशिष्ट्य असून, काठावर राहणाऱ्यांना ते अंगवळणी पडलेले असते. वऱ्हाडातून गेलेल्या कुटुंबाला मात्र ते कोणी सांगितलेले नसते.

भरती-ओहोटी ही मुख्यत्वे चंद्राच्या आकर्षणामुळे होते. एका भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि तितक्याच काळाने पुन्हा भरती येते. चंद्र रोज साधारणतः ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीची वेळही रोज तितकीच पुढे सरकते. या गणितावर कोकणात एक जुना आडाखा रूढ आहे : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. दशमीला साडेसात. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब एकच. अमावास्येला १५ धरायचे. वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते आणि मुंबईच्या दक्षिणेस भरती थोडी आधी येते. अचूक वेळ हवी असल्यास भरतीचे वेळापत्रक पाहावे. परंतु भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून घरबसल्या अंदाज बांधता येतो, हे थोडके नव्हे.

दशमीचेच उदाहरण घेऊ. रात्रभर प्रवास करून कुटुंब सकाळी आठ वाजता किनाऱ्यावर पोहोचले. पाणी वाळूवर भरलेले दिसते, मुले धावत सुटतात. प्रत्यक्षात त्या क्षणापासून दुपारी दीड-पावणेदोनपर्यंत पाणी सतत मागे सरत असते.

याहून घातक असतो तो किनाऱ्यावरून आत ओढणारा प्रवाह. लाटांनी आणलेले पाणी वाळूतील एखाद्या खोलगट वाटेने वेगाने परत फिरते. अशा ठिकाणी लाटा फुटत नाहीत, पाणी आजूबाजूपेक्षा शांत दिसते आणि म्हणूनच लहान मुलांना घेऊन नेमके तेथेच उतरण्याचा मोह होतो. हा प्रवाह ओहोटीच्या वेळी विशेष जोर धरतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे आणि मग परतावे. पोहता येत नसेल तर धडपड न करता अंग सैल सोडून तरंगत राहावे व हात वर करून मदत मागावी. पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या मुलांना हे मुद्दाम सांगावे लागते. विहिरीत सरळ काठ गाठणे हाच धडा असतो. येथे तोच धडा दमवून बुडवतो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भरती सौम्य असते. मुरूडचा तो दिवस कृष्ण अष्टमीच्या आसपासचा होता. तेव्हा तिथी वेळ सांगते, अभय देत नाही. स्थानिक कोळी वा जीवरक्षक 'उतरू नका' म्हणतात, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही.

विदर्भातील पालकांसाठी आणखी एक बाब आहे. कडक उन्हामुळे येथील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात. शेवटचे पंधरा दिवस मोकळे मिळतात, गर्दीही कमी असते, म्हणून अनेकांना तेव्हा निघावेसे वाटते. मात्र पावसाळी वाऱ्यांनी तोवर समुद्र खवळलेला असतो. राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर १ जूनपासून बंदी लागू होते आणि मुरूडच्या जंजिऱ्याकडे जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात थांबतात. ज्या पाण्यात मच्छीमार जात नाहीत, तेथे मुलांना घेऊन उतरण्याचे कारण नाही. समुद्र दाखवायचाच असेल तर एप्रिल-मे किंवा दिवाळीची सुटी बरी.

दिवाळीतही लक्ष्मीपूजन अमावास्येचे, म्हणजे उधाणाचे. भाऊबीज आटोपून निघालेल्यांना पंचमीच्या दिवशी पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास मिळेल. सकाळी दहा ते दुपारी साडेतीन पाणी चढते असेल, तेव्हा मुलांनी वाळूत बांधलेले किल्ले आणि काढून ठेवलेल्या चपला वेळीच मागे घ्याव्यात.