तारीख दिली की वर्षं लांबतात

‘गन्स एन’ रोझेस’चा ‘द स्पॅगेटी इन्सिडेंट?’ हा अल्बम २३ नोव्हेंबर १९९३ रोजी बाजारात आला. त्यानंतरचा स्टुडिओ अल्बम ‘चायनीज डेमॉक्रसी’ अमेरिकेत आला २३ नोव्हेंबर २००८ रोजी. मध्ये बरोबर पंधरा वर्षं. त्यातही पहिला अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांचा होता. बँडनं स्वतः रचलेली गाणी ऐकायची, तर सप्टेंबर १९९१च्या ‘यूज युवर इल्यूजन’च्या दोन भागांपर्यंत मागे जावं लागतं. म्हणजे खरी प्रतीक्षा सतरा वर्षांची.

ही सतरा वर्षं सलग, एका मापाची गेली नाहीत. काही वर्षं कधी सरली ते कळलं नाही, काही महिने मात्र जाता जाईनात. एखाद्या बँडच्या नव्या संगीतासाठी थांबलेल्या माणसाला काळ नेमका कुठे लांब वाटतो आणि कुठे आखूड, याचं मला बरीच वर्षं कुतूहल आहे. थांबणाऱ्यांत मीही होतो.

आमच्यापैकी अनेकांना हा बँड भेटला तो स्टार टीव्हीवरच्या एमटीव्हीमुळे आणि कॅसेटींमुळे. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन कॅसेट घ्यायची, मित्राकडून दुसरी भरून घ्यायची, धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ला आपल्याकडची पोरं तीच गाणी वाजवताना ऐकायची. बँडची बातमी जुन्या झालेल्या परदेशी मासिकातून यायची. गिटारवादक स्लॅश १९९६मध्ये बाहेर पडला, पुढच्या वर्षी बेसवादक डफ मकेगनही गेला. गायक अॅक्सल रोझ हाताशी नवी माणसं घेऊन काहीतरी करतो आहे, एवढंच कानावर होतं. त्या वर्षांत कुणी काही कबूल केलं नव्हतं. जुन्या कॅसेटी होत्या आणि त्या झिजेपर्यंत ऐकता येत होत्या. ती वर्षं हलकी गेली.

जड झाली ती पुढची. जानेवारी २००१मध्ये ‘रॉक इन रिओ’च्या महोत्सवात नवा संच लाखाहून अधिक लोकांसमोर उभा राहिला आणि त्यानं ‘मादागास्कर’, ‘द ब्लूज’ आणि खुद्द ‘चायनीज डेमॉक्रसी’ ही नवी गाणी वाजवली. तिथून चाहत्यांच्या हाती काहीतरी लागलं. मैफलीत गुपचूप केलेली ध्वनिमुद्रणं हातोहात फिरू लागली. २००३मध्ये माइक पियाझा या नामवंत बेसबॉलपटूकडून एका रेडिओ निवेदकाकडे एक सीडी पोहोचली आणि ‘आयआरएस’ नावाचं अप्रकाशित गाणं रेडिओवर वाजलं. क्वीनच्या ब्रायन मे यानं ‘कॅचर इन द राय’साठी गिटारचा एकल तुकडा वाजवला होता. तो पुढे अल्बमवर आलाच नाही, पण ज्यांनी फुटलेली प्रत ऐकली होती, त्यांना तो पाठ होता. ‘द ब्लूज’ शेवटी ‘स्ट्रीट ऑफ ड्रीम्स’ या नावानं प्रसिद्ध झालं, तेव्हा जुने चाहते ते सात वर्षं आधीपासून गुणगुणत होते. पूर्ण झालेल्या कामाची वाट पाहण्यापेक्षा अर्धवट ऐकलेल्याची वाट पाहणं कितीतरी कठीण. सूर कानात असतो आणि तो कुठे पोहोचणार हे कळत नसतं.

स्टुडिओतलं काम मात्र थांबलेलं नव्हतं, उलट संपतच नव्हतं. निर्माते बदलले, ड्रमवादक बदलले. बकेटहेड हा विलक्षण गिटारवादक आला आणि २००४मध्ये निघून गेला. अल्बमच्या श्रेयनामावलीत चौदा स्टुडिओंची नावं आहेत. २००४मध्ये गेफन या रेकॉर्ड कंपनीनं नव्या अल्बमऐवजी जुन्या गाण्यांचा संग्रह काढला. पुढच्या वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं लिहिलं की या कामावर तोवर १ कोटी ३० लाख डॉलर खर्च झाले आहेत. मग डिसेंबर २००६मध्ये रोझनं चाहत्यांना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं आणि ६ मार्च २००७ ही संभाव्य तारीख दिली. ती आली आणि गेली. मार्च २००८मध्ये डॉक्टर पेपर या शीतपेयाच्या कंपनीनं जाहीर केलं, की अल्बम या वर्षी आला तर स्लॅश आणि बकेटहेड सोडून अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन मोफत. त्याच उन्हाळ्यात नऊ गाणी इंटरनेटवर फुटली. ती टाकणाऱ्या चाहत्याला एफबीआयनं पकडलं आणि पुढे त्याला दोन महिन्यांची घरकैद झाली. गुन्हा झाला हे खरं. पण त्या माणसानं ती गाणी विकली नव्हती, हेही मला विसरता येत नाही.

या सगळ्या काळात सर्वांत लांब काय वाटलं, असं विचाराल तर १९९३ ते २००१ ही आठ वर्षं नव्हेत. डिसेंबर २००६ ते मार्च २००७ हे तीन महिने, आणि त्यानंतरचं दीड वर्ष.

याचं कारण सांगणारा एक निबंध संगीताशी अजिबात संबंध नसलेल्या माणसानं लिहिला आहे. डेव्हिड माइस्टर हा व्यवस्थापनाचा अभ्यासक. १९८५मध्ये त्यानं रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनाबद्दल काही विधानं मांडली. मोकळा वेळ कामात गेलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचं हे ठाऊक नसलेली प्रतीक्षा ठरलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते. कारण न सांगितलेला उशीर कारण सांगितलेल्या उशिरापेक्षा लांब वाटतो. आणि एकट्यानं थांबणं सोबतीनं थांबण्यापेक्षा. मुंबईच्या लोकलचा प्रवासी हे रोज अनुभवतो. इंडिकेटरवर बारा मिनिटं दिसली की तो निवांत वडापाव खातो. तीच बारा मिनिटं इंडिकेटर बंद असताना त्याला फलाटाच्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायला लावतात. पण माइस्टरची रांग कधीतरी संपणारी आहे, खिडकीपलीकडे कुणीतरी बसलेलं आहे. चाहत्याच्या बाबतीत एक गोष्ट वाढते. इंडिकेटर चालू असतो, आकडा दाखवतो, आणि तो आकडा खोटा ठरतो. माझ्या मते हे बंद इंडिकेटरपेक्षा वाईट. बंद असताना माणूस आशा गुंडाळून ठेवतो. तारीख मिळाली की ती पुन्हा उलगडावी लागते.

‘आबा’ या स्वीडिश बँडचं उदाहरण याहून स्वच्छ आहे. ‘द व्हिजिटर्स’ नोव्हेंबर १९८१मध्ये आला, त्यानंतर चौघंही आपापल्या वाटेनं गेले. पुन्हा एकत्र येण्यासाठी त्यांच्यापुढे एक अब्ज डॉलरचा प्रस्ताव ठेवला गेला, तोही त्यांनी नाकारला. दार इतकं घट्ट लावलेलं होतं की चाहते बाहेर उभेच नव्हते. ते जुन्या गाण्यांसोबत सुखानं राहत होते. पुढे एप्रिल २०१८मध्ये चौघांनी सांगितलं की दोन नवी गाणी ध्वनिमुद्रित झाली आहेत आणि त्यांतलं एक डिसेंबरात दूरचित्रवाणीवर ऐकता येईल. डिसेंबर गेला. २०१९ गेलं. मग महासाथ आली. गाणी ऐकू आली २ सप्टेंबर २०२१ला आणि ‘व्हॉयेज’ हा अल्बम ५ नोव्हेंबरला. छत्तीस वर्षं कुणाला टोचली नव्हती. साडेतीन वर्षं टोचली.

याच्या उलट टोकाला आयरिश-इंग्लिश बँड ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’. ‘लव्हलेस’ १९९१चा, पुढचा अल्बम २ फेब्रुवारी २०१३च्या रात्री, अवघ्या काही तासांच्या सूचनेवर, थेट बँडच्या संकेतस्थळावर. एकवीस वर्षं थांबलेली माणसं एकाच वेळी तिथे धावली आणि संकेतस्थळ कोसळलं.

आता एक जुनं निरीक्षण. विल्यम जेम्सनं १८९०च्या ‘मानसशास्त्राची तत्त्वं’ या ग्रंथात लिहिलं आहे, की घडामोडींनी भरलेला काळ जाताना झटकन जातो आणि मागे वळून पाहताना लांबलचक दिसतो; रिकामा काळ जाताना रेंगाळतो आणि मागाहून आठवणीत एवढासा होतो. तिथेच तो फ्रेंच विचारवंत पॉल जाने याचं म्हणणंही देतो, की वर्षाची लांबी आपण आजवर जगलेल्या आयुष्याच्या प्रमाणात भासते. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा, पन्नाशीच्या माणसाला पन्नासावा. चाहत्याची गंमत अशी की ही दोन्ही गणितं त्याच्यात एकाच वेळी चालू असतात. सतराव्या वर्षी सुरू झालेली प्रतीक्षा तो बत्तिसाव्या वर्षी संपवतो. मधल्या काळात त्याची नोकरी, लग्न, घर, आईवडिलांचं आजारपण हे सगळं घडून गेलेलं असतं, म्हणून तो काळ मागे पाहताना भरगच्च दिसतो. पण बँडपुरता पाहिला तर तो रिकामा असतो. नवा अल्बम लावला की तो रिकामा काळ मिटतो, जुन्या अल्बमचं शेवटचं गाणं आणि नव्याचं पहिलं गाणं एकमेकांना लागून येतात, आणि ऐकणारा माणूस मात्र पंधरा वर्षांनी थोरला असतो. या दोन काळांमधलं अंतर छातीत जाणवतं. वाट पाहण्याचा सर्वांत खोल क्षण मला तोच वाटतो.

‘द क्युअर’ या इंग्लिश बँडनं हे अंतर थेट गाण्यांतच आणलं. त्यांचा ‘४:१३ ड्रीम’ ऑक्टोबर २००८चा. गायक रॉबर्ट स्मिथ २०१९मध्ये मुलाखतींत सांगू लागला की नवा अल्बम वर्ष संपायच्या आत येईल. तो आला नाही. २०२२मध्ये त्यानं ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ हे नाव सांगितलं आणि दौऱ्याआधी येईल म्हणाला. दौरा ऑक्टोबरात लाटव्हियातल्या रीगाला सुरू झाला, अल्बम नव्हता. पण त्यानं एक केलं. नवी गाणी त्यानं मंचावर वाजवायला घेतली, रात्रीमागून रात्र, गावामागून गाव. मधल्या काळात त्याचे आईवडील आणि थोरला भाऊ रिचर्ड गेले होते. भावावरचं गाणं प्रथम वाजलं ते त्याच महिन्यात, पोलंडमधल्या क्राकोव शहरात. उशिराचं कारण चाहत्यांना आता ऐकू येत होतं. स्मिथनं दोनदा वेळ चुकवली, तरी त्याच्यावरचा राग विरघळला तो मला वाटतं याच गाण्यांमुळे.

तारीख जाहीर करायची रीतही त्याची. बँडनं सुरुवातीच्या दिवसांत क्रॉली या गावातल्या ज्या पबमध्ये गाणी वाजवली होती, तिथे रोमन अंकांतली तारीख असलेलं पोस्टर लागलं: १ नोव्हेंबर २०२४. अल्बममधलं पहिलं गाणं ‘अलोन’ साडेसहा मिनिटांहून मोठं आहे, आणि स्मिथचा आवाज येतो तो तीन मिनिटं उलटल्यावर. शेवटचं ‘एंडसाँग’ दहा मिनिटांचं. तिथे आवाजासाठी सहा मिनिटं थांबावं लागतं. १९६९ साली, दहा वर्षांचा असताना, माणूस चंद्रावर उतरला त्या दिवसात आकाशाकडे पाहणारा मुलगा पन्नास वर्षांनी पुन्हा आकाशाकडे पाहतो, ही त्या गाण्यामागची आठवण स्मिथनंच सांगितली आहे. सोळा वर्षं थांबलेल्या माणसाला तो आणखी सहा मिनिटं थांबवतो, आणि त्या सहा मिनिटांत एकदाही घड्याळाकडे पाहावंसं वाटत नाही. सिंबल्स, कीबोर्ड, गिटार एकेक थर चढत जातो. माझ्या ऐकण्यात प्रतीक्षेला इतकं सुंदर रूप फार थोड्यांनी दिलं आहे. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याआधी हा मान त्यांच्या १९९२च्या ‘विश’ला मिळाला होता.

आपल्याकडे त्या वर्षी लक्ष्मीपूजनही १ नोव्हेंबरलाच होतं. हल्ली नवं संगीत ज्या त्या देशातल्या मध्यरात्री खुलं होतं, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या चाहत्याला तो अल्बम लंडनच्या साडेपाच तास आधी मिळाला. कॅसेटच्या काळात आपण कायम मागाहून ऐकणारे होतो. त्या दिवशी संध्याकाळी पूजा, फराळ, पाहुणे सगळं आटोपून अनेकांनी पुन्हा हेडफोन लावले, कारण लंडनच्या ट्रॉक्सी सभागृहातली मैफल यूट्यूबवर थेट दिसणार होती, आपल्याकडच्या मध्यरात्रीनंतर. बँडनं संपूर्ण नवा अल्बम वाजवला आणि मग जुनी गाणी, त्यांत १९८०च्या ‘सेव्हन्टीन सेकंड्स’मधलीही, एकूण एकतीस. मैफल तीन तासांच्या आसपास चालली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं ‘अ फॉरेस्ट’ आणि त्याच दिवशी आलेल्या अल्बममधलं ‘अलोन’, दोन्ही एकाच रात्री, त्याच माणसाच्या त्याच आवाजात.