घरगुती फाइल सर्व्हर

घरगुती फाइल सर्व्हर म्हणजे घरातील छायाचित्रे, चलचित्रे, कागदपत्रे आणि इतर फाइली एका ठिकाणी साठवून त्या घरच्या नेटवर्कवरील संगणक, मोबाइल व टीव्ही यांना उपलब्ध करून देणारा संगणक होय. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या कंपन्यांची तयार उपकरणे याच कामासाठी मिळतात. मात्र सुटे भाग निवडून जोडलेला सर्व्हर बहुधा स्वस्त पडतो, त्याचा बिघडलेला भाग बाजारात सहज मिळतो आणि जुन्या संगणकाचे काही भागही त्यात वापरता येतात. अशा सर्व्हरमध्ये प्रोसेसरला दुय्यम स्थान असते. खर्चाचा मोठा वाटा हार्ड डिस्क, वीज आणि बॅकअप यांवर पडतो. हे लक्षात न घेता केलेली खरेदी महाग पडते, आणि प्रसंगी साठवलेली माहितीही गमवावी लागते.

पार्श्वभूमी

स्वस्त डिस्कांचा समूह करून त्यावर विसंबण्याची कल्पना १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांच्या शोधनिबंधातून पुढे आली. मोठ्या संगणकांच्या महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकांच्या अनेक लहान डिस्क एकत्र वापराव्यात आणि एखादी निकामी झाली तरी काम चालू राहावे, असा तिचा आशय होता. 'रेड' या संक्षेपातील एक अक्षर मुळात 'स्वस्त' या अर्थाचे होते. पुढे उद्योगाने त्याचा अर्थ 'स्वतंत्र' असा केला. घरांपर्यंत ही कल्पना पोहोचण्यास सांबा (१९९२), फ्रीनॅस (२००५, आताचे ट्रूनॅस) आणि ओपनमीडियाव्हॉल्ट (२०११) ही मुक्त सॉफ्टवेअरे कारणीभूत ठरली. २०१० मध्ये आलेला एचपीचा मायक्रोसर्व्हर हा चार डिस्कांची जागा असलेला छोटा संगणक हौशी लोकांत लोकप्रिय झाला. त्याचा एएमडी प्रोसेसर केवळ १.३ गिगाहर्ट्झ वेगाचा होता, तरी फाइली पुरवण्यास तो पुरेसा होता.

प्रोसेसर आणि वीज

घरांत आजही सर्वाधिक आढळणाऱ्या गिगाबिट इथरनेटची कमाल मर्यादा सेकंदाला १२५ मेगाबाइट असून प्रत्यक्षात ११० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो. एकटी आधुनिक हार्ड डिस्क सलग वाचनात याहून अधिक वेग देते. त्यामुळे वेगवान प्रोसेसर किंवा एसएसडी कॅशे यांवर केलेल्या खर्चाचा वापरणाऱ्याला फारसा अनुभव येत नाही. चलचित्रे चालू असतानाच दुसऱ्या स्वरूपात बदलून दाखवायची असल्यास मात्र ही गोष्ट लागू होत नाही. परंतु ते काम इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असलेला चित्र-विभाग कमी विजेत करतो. २०२३ साली आलेला चार कोअरचा एन१०० प्रोसेसर ६ वॉट औष्णिक मर्यादेचा असून या कामास पुरतो.

सर्व्हर वर्षाचे ८,७६० तास चालू असतो. दर १० वॉट सततच्या वापरामागे वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज लागते. निष्क्रिय असताना ७० वॉट घेणारा जुना डेस्कटॉप वर्षाला सुमारे ६१३ युनिट, तर २० वॉट घेणारा नवा संगणक सुमारे १७५ युनिट वीज वापरतो. युनिटला १० रुपये दर धरल्यास हा फरक वर्षाला ४,३०० रुपयांहून अधिक होतो. फुकट मिळालेला संगणक त्यामुळे नेहमीच स्वस्त ठरत नाही.

एसएमपीएसची निवडही याच दृष्टीने करावी लागते. '८० प्लस' या मानकाच्या बहुतेक श्रेणींत कार्यक्षमता २०, ५० आणि १०० टक्के भारावर मोजली जाते. ५०० वॉटच्या एसएमपीएसवर ३० वॉटचा सर्व्हर म्हणजे ६ टक्के भार; त्या पट्ट्यातील कामगिरीबद्दल खोक्यावरचे पदक काहीच सांगत नाही. दुसऱ्या टोकाला, साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना क्षणभर २० वॉटहून अधिक वीज ओढू शकते, म्हणून चार डिस्कांसाठी अगदी लहान एसएमपीएसही चालत नाही. जुन्या चौपिनी मोलेक्स जोडणीतून साटा जोडणी काढणाऱ्या साचेबंद स्वस्त केबलींत शॉर्टसर्किट होऊन जळण्याचे प्रकार घडलेले आहेत. पाचपन्नास रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

हार्ड डिस्क

सर्व्हरमधील सर्वांत महाग आणि सर्वांत लवकर निकामी होणारा भाग हाच. खरेदीपूर्वी पाहण्याची मुख्य गोष्ट म्हणजे नोंद करण्याची पद्धत. पारंपरिक पद्धतीत (सीएमआर) डिस्कवरील मार्ग एकमेकांशेजारी असतात. एसएमआर पद्धतीत ते छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक माहिती मावते, पण मधला एक मार्ग बदलायचा झाल्यास त्यापुढचे मार्गही पुन्हा लिहावे लागतात. एकाच वापरकर्त्याच्या हलक्या कामात हे जाणवत नाही. रेड समूहात निकामी डिस्कच्या जागी नवी बसवून तिच्यावर सारी माहिती उतरवताना मात्र लिखाण तासन्‌तास चालते, वेग कोसळतो आणि कधी समूह त्या डिस्कला निकामी समजून बाहेर काढतो. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या 'रेड' मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या असल्याचे मान्य केले. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या या डिस्कांच्या माहितीपत्रकात तोपर्यंत तसा उल्लेख नव्हता. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क 'रेड प्लस' या वेगळ्या नावाने आणल्या. म्हणून मालिकेच्या नावापेक्षा मॉडेल क्रमांक तपासणे अधिक विश्वसनीय असते.

डिस्कची क्षमता कंपन्या दशमान पद्धतीने सांगतात, तर काही प्रणाली ती द्विमान पद्धतीने दाखवतात. त्यामुळे ४ टेराबाइटची डिस्क ३.६४ एवढीच दिसते. यात फसवणूक नाही, पण डिस्क घेताना हिशेब त्या आकड्यावर करावा लागतो.

कमी खर्चाच्या सर्व्हरसाठी दोन मोठ्या डिस्कांची आरसाप्रत (रेड १) ही सहसा चार लहान डिस्कांच्या रेड ५ पेक्षा सोयीची ठरते. डिस्क कमी असल्याने वीज, उष्णता आणि साटा पोर्ट कमी लागतात, आणि डिस्क बदलल्यावर दुसऱ्या एकाच डिस्कचे वाचन पुरते. रेड ५ मध्ये उरलेल्या सर्व डिस्क अखेरपर्यंत वाचाव्या लागतात. घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकांत १०चा १४वा घात इतके बिट, म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइट, वाचताना फार तर एक न सुधारणारी चूक अपेक्षित असल्याचे लिहिलेले असते. प्रत्यक्षातील प्रमाण बहुधा याहून बरेच कमी असते. तरीही जोखीम वाचनाच्या प्रमाणात वाढते.

डिस्क निकामी होण्याची पूर्वसूचना मिळेलच असे नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी 'स्मार्ट' या स्वयंपरीक्षणातील चार प्रमुख चिन्हांपैकी एकही दाखवले नव्हते.

रॅम

साध्या सर्व्हरला ४ गिगाबाइट, तर झेडएफएस वापरणाऱ्याला ८ गिगाबाइट रॅम पुरते. चुका सुधारणारी ईसीसी रॅम कोणत्याही फाइल प्रणालीला उपयोगी असते. ती केवळ झेडएफएसलाच अनिवार्य आहे हा समज बरोबर नाही. स्वस्त, कमी विजेच्या प्रोसेसरांवर तिची सोय बहुधा नसते. ती हवी असल्यास कार्यालयांतून निघालेले जुने सर्व्हर किंवा वर्कस्टेशन हा मार्ग उरतो, मात्र तिथे विजेचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

यूपीएस आणि बॅकअप

लिखाण चालू असताना वीज गेल्यास फाइल प्रणाली बिघडू शकते. भारनियमन किंवा वारंवार वीज जाण्याचा त्रास असलेल्या भागात यूपीएस हा ऐच्छिक भाग मानता येत नाही. यूएसबी जोडणी असलेला यूपीएस घेतल्यास 'नेटवर्क यूपीएस टूल्स' या मुक्त सॉफ्टवेअरद्वारे सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो.

रेड हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल आरसाप्रतीतूनही त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर सॉफ्टवेअर, चोरी किंवा विजेच्या लोंढ्याने दोन्ही डिस्क जळणे यांपुढेही रेड निरुपयोगी असते. त्यामुळे पैसे एकाच जादा डिस्कपुरते असतील, तर ती आरसाप्रतीत घालण्याऐवजी वेगळा बॅकअप म्हणून ठेवणे अधिक सुरक्षित असते: एक डिस्क बंद पडल्यास सर्व्हर काही दिवस थांबेल, पण छायाचित्रे जाणार नाहीत. बॅकअपची डिस्क प्रत घेऊन झाल्यावर काढून ठेवतात, शक्यतो दुसऱ्या घरी. तिच्यावरचे लिखाण अधूनमधून आणि बहुतांशी सलग होत असल्याने तिथे स्वस्त एसएमआर डिस्कही चालते.