धुळीच्या रस्त्यांची राखण
चाकाखालचा भूगोल : लेखांक 7

जुना वाडा, देऊळ किंवा किल्ला जपायचा असेल तर काय करायचे ते निदान ठाऊक असते. कुंपण घालायचे, पडझड सावरायची, राखणदार नेमायचा. रस्त्याला यातले काहीच लागू पडत नाही. त्यावरची ये-जा थांबली की चार-दोन पावसाळ्यांत झुडपे त्याला गिळतात, आणि ये-जा वाढली की रुंदीकरण आणि डांबरीकरण होऊन जुना रस्ता नावापुरताच उरतो. वापर नसला तरी तो जातो आणि वापर वाढला तरी जातो. गेल्या लेखात आपण फ्लँडर्सचे दगडी चढ पाहिले. या वेळी इटलीतल्या टस्कनीकडे, सिएना शहराभोवतीच्या टेकड्यांकडे वळू. तिथल्या पांढऱ्या, बिनडांबरी रस्त्यांना या पेचातून वाट सापडली ती सायकलीमुळे, असे माझे म्हणणे आहे. कायद्याची त्यात मदत झाली, नशिबाचीही झाली. पण निर्णायक गोष्ट एकच होती : या रस्त्यांना त्यांच्या बेताच्या वेगाचा प्रवासी मिळाला.

आधी हे रस्ते असे का आहेत ते पाहू. सिएनाच्या दक्षिणेला क्रेते सेनेसी नावाचा चिकणमातीचा मुलूख आहे. फार पूर्वी तिथे समुद्र होता आणि ही माती त्याच्या तळाची आहे. ती पावसात घसरते आणि उन्हात भेगाळते. अशा मातीत खोलगटातून रस्ता नेला तर हिवाळाभर चिखल तुडवावा लागतो, म्हणून वाटा टेकड्यांच्या माथ्यामाथ्याने गेल्या. धारेवरून जाणारी वाट मध्येच एखादा ओढा ओलांडायला खाली उतरते आणि लगेच वर चढते. सायकलस्वाराच्या पायांना जाणवणारी ती अखंड चढउताराची लय मातीच्या या स्वभावातून आली आहे. उत्तरेला कियांतीच्या डोंगरात चुनखडीचा दगड आहे. तो फोडून पसरला की रस्ता पांढरा दिसतो आणि पाणीही बऱ्यापैकी निचरून जाते. गावे टेकड्यांच्या डोक्यावर, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात वसली. राद्दा आणि गायोले यांच्यात दहाएक किलोमीटरचेच अंतर आहे. पायी किंवा गाढवावर माल घेऊन सकाळी निघालेला माणूस बाजार करून दिवेलागणीला घरी पोचेल, अशा मापाने हा सारा प्रदेश विणला गेला आहे.

या विणकामाचा एक पुरावा सिएनाच्या नगरसभागृहातच भिंतीवर आहे. आंब्रोजो लोरेंझेत्ती याने 1338-39 मध्ये तिथे सुशासनाचे परिणाम दाखवणारे भित्तिचित्र रंगवले. त्यात शहर आणि शेतशिवार एकाच सलग भिंतीवर येतात आणि त्यांना जोडतो तो वेशीतून बाहेर पडणारा रस्ता. शहरातले स्वार शिकारीला बाहेर निघालेले आहेत, खेड्यातली माणसे लादलेली जनावरे घेऊन आत येत आहेत, पलीकडे टेकड्यांवर शेतीची कामे चालू आहेत. राज्य नीट चालले आहे की नाही, हे चित्रकाराने वाहत्या रस्त्यावरून दाखवले, याचे मला फार मोल वाटते. रस्त्यांची देखभाल कोणी आणि कशी करायची याचे लिखित नियम सिएनाने तेराव्या शतकातच केले होते. कँटरबरीहून रोमला जाणारी फ्रांचिजेना ही यात्रावाटही याच प्रदेशातून जाते. तिच्यावरच्या बुओनकोन्वेंतो या तटबंदीच्या गावात 1313 साली सम्राट सातवा हेन्री वारला. तेव्हा या रस्त्यांना आडवाटा समजू नये. शतकानुशतके तेच मुख्य रस्ते होते.

ते आडवाटा झाले विसाव्या शतकात. इथली शेती मेद्झाद्रिया पद्धतीने, म्हणजे अर्धेलीने चाले : जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मे-निम्मे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांची कुटुंबे कारखान्यांच्या शहरांकडे निघाली, टेकड्यांवरची दगडी घरे ओस पडू लागली, आणि सप्टेंबर 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करायलाच बंदी आली. पुढच्याच महिन्यात मिलान ते नेपल्स हा द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि उत्तर-दक्षिण धावणाऱ्या गाड्यांना सिएनाच्या टेकड्यांतून जाण्याचे कारण उरले नाही. शेतकरी गेला आणि परगावची वाहतूकही गेली. डांबर टाकायला पैसा नव्हता आणि कोणाला ते तातडीने हवेही नव्हते. म्हणजे आज ज्यांचे कौतुक होते ते पांढरे रस्ते आधी टिकले ते उपेक्षेमुळे. हे मान्य केल्याशिवाय पुढचा युक्तिवाद प्रामाणिक होणार नाही. पण उपेक्षेवर कायमचा भरवसा ठेवता येत नाही. कियांतीच्या वाइनला जगभर भाव आला, ओस घरे सुट्टीची घरे झाली, पैसा परतला, आणि पैशामागून डांबरही येऊ लागले.

याच वळणावर सायकल आली. जानकार्लो ब्रोची यांनी 1997 मध्ये गायोले इन कियांती या छोट्या गावातून ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी 92 जण निघाले. फेरीचे नियम मुद्दाम अवघड ठेवले आहेत : सायकल 1987 पूर्वीच्या बनावटीची, गिअरचे खटके चौकटीच्या खालच्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या जाणाऱ्या, पायटांना चामडी पट्टे. सर्वांत लांब मार्ग 200 किलोमीटरांहून अधिक आहे आणि त्याचा मोठा भाग बिनडांबरी आहे. ब्रोचींचा हेतू शर्यत भरवण्याचा नव्हता, हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत हा होता. ऑक्टोबरमधली ही फेरी हजारोंची झाली. शिवाय तिच्या मार्गावर कायमच्या पाट्या लागल्या, त्यामुळे वर्षातल्या कोणत्याही दिवशी कोणीही त्यावरून जाऊ शकतो. 2007 पासून याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत सुरू झाली. आज ती ‘स्त्रादे बियांके’ म्हणून ओळखली जाते. सिएनातल्या सांता कातेरिना गल्लीचा, सर्वाधिक 16 टक्क्यांचा चढ चढून ती कांपोच्या चौकात संपते. 2015 पासून स्त्रियांची शर्यतही होते. इटलीची मोठी फेरी, जिरो, 2010 साली पावसात या रस्त्यांवरून माँताल्चिनोला पोचली तेव्हा चिखलाने माखलेले स्वार ओळखूही येत नव्हते. कॅडेल इव्हान्स तो टप्पा जिंकला आणि या मातीचे नाव घरोघर गेले. फाबियान कान्चेलाराने सिएनाची शर्यत 2008, 2012 आणि 2016 अशी तीनदा जिंकल्यावर मोंते सांते मारिये हा साडेअकरा किलोमीटरांचा धुळीचा टप्पा त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्या रस्त्याला नाव आणि इतिहास मिळाला त्यावर मुकाट्याने डांबर ओतणे कोणत्याही ग्रामप्रशासनाला सोपे राहत नाही.

इथे कोणी विचारील, सायकलच का? मोटारींची जुनी शर्यतही हे करू शकली नसती का? माझ्या मते नाही, आणि कारण यांत्रिक आहे. वजनदार, वेगवान चाक सुटी खडी बाजूला फेकते, त्यातून आडवे उंचवटे पडतात, आणि थोड्याच दिवसांत लोक डांबराची मागणी करतात. सायकल आणि स्वार मिळून भरतात शंभर किलोच्या आतबाहेर. त्यांच्याने रस्त्याची झीज नगण्य होते. दुसरे असे की तासाला वीसेक किलोमीटरांनी जाणाऱ्याला दर अर्ध्या-पाऊण तासाला गाव लागते. त्याला पाणी हवे असते, खायला हवे असते, पंक्चरसाठी मदत हवी असते. मोटारीतला प्रवासी सिएनाहून थेट माँताल्चिनोला जाऊन मधल्या दहा गावांना वगळू शकतो, सायकलस्वाराला ते जमत नाही. पादचाऱ्याच्या मापाने वसलेल्या गावांना आजच्या काळात त्याच मापाच्या सर्वांत जवळ जाणारे हे एकच वाहन आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप तिथल्या रहिवाशांचा आहे. उन्हाळ्यात धूळ घरात येते, पावसात गाडी रुतते, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला उशीर होतो. परक्यांच्या हौसेसाठी आम्ही मागास का राहावे? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. खडीचा रस्ता आणि दुर्लक्षित रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याचे अर्धे उत्तर. कडेचे चर वेळच्या वेळी साफ केले, पृष्ठभाग मधोमध थोडा फुगीर ठेवला आणि खडीचा नवा थर देऊन रोलर फिरवला, तर असा रस्ता बारमाही चालतो. डांबराचा पैसा वाचला म्हणून देखभालीचाही वाचवायचा, हे मात्र चालणार नाही. उरलेले अर्धे उत्तर निवडीत आहे. जिथे शाळा, दवाखाना, वस्तीची दाटी आहे तिथे डांबर पडलेच पाहिजे, आणि टस्कनीत ते पडलेही आहे. राखायच्या आहेत त्या द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या, एक-दोन घरांपाशी पोचणाऱ्या वाटा.

दुसरा आक्षेप असा की हे सारे गरिबीचे सुशोभीकरण आहे. कुळांनी ज्या रस्त्यांवर हाल काढले, तिथे सधन माणसे लोकरी जर्सी घालून जुन्या काळाचा खेळ मांडतात. यात तथ्य आहे, आणि मेद्झाद्रियाचा इतिहास न सांगता या रस्त्यांचे गोडवे गाणारे लेखन मला खटकते. पण रस्ता बुजवल्याने त्या कष्टांचे स्मरण वाढत नाही. कुळाचे घर, त्याचा बांध आणि बाजाराची त्याची वाट हीच त्याच्या जगण्याची शिल्लक कागदपत्रे आहेत. सरदारांचे वाडे तर कसेही टिकतातच.

उरला तो आक्षेप की हे श्रेय कायद्याचे आणि युनेस्कोचे आहे. याच टेकड्यांतले ओर्चा खोरे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले 2004 मध्ये, लेरोइका सुरू झाल्यानंतर सात वर्षांनी. गायोले आणि कियांतीचे रस्ते त्या खोऱ्यात मोडतही नाहीत. नियमाने डांबराला मनाई करता येते, पण चर कोण साफ करणार आणि त्यासाठी अंदाजपत्रकात पैसे का ठेवायचे, हे नियम सांगू शकत नाही. ते कारण दर वर्षी ऑक्टोबरात फेरीच्या आणि मार्चमध्ये शर्यतीच्या निमित्ताने चाकांवरून गावात येते. या स्वारांची संख्या किती असावी हा मात्र पुढचा आणि खरा प्रश्न आहे. एकाच दिवशी हजारो सायकली आल्या की अरुंद गावांची दमछाक होते, म्हणूनच फेरीत प्रवेशाला मर्यादा घालावी लागली. कायमच्या पाट्यांमुळे स्वार वर्षभर विखुरले जातात, ही वाट मला अधिक भरवशाची वाटते.